दोन हजार वस्तीच्या गावाचा धूर, कचरा आणि वीजबिल: ग्रामपंचायतीने नेमके कुठून सुरू करायचे

गावाने कार्बन आणि कचरा कमी करायचे ठरवले की ग्रामसभेत पहिला ठराव वृक्षलागवडीचा होतो आणि दुसरा घंटागाडीचा. दोन्हींचा फोटो छान येतो. पण विदर्भातल्या साधारण दोन हजार वस्तीच्या, साडेचारशे घरांच्या गावात खरी गळती वेगळीकडे असते: पाणीपुरवठ्याच्या पंपात, भर दुपारी जळणाऱ्या पथदिव्यांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पेटणाऱ्या पऱ्हाटीत, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या वाळक्या झाडांत, आणि गावाबाहेर बारमाही धुमसणाऱ्या उकिरड्यात. झाडे जरूर लावा, पण आधी ही चार ठिकाणे धरा. पुढचे हिशेब २००० लोकसंख्या धरून केले आहेत. आपला आकडा टाकून बदलून घ्या.

आधी मोजणी: एक कागद आणि नऊ दिवस

ग्रामपंचायतीच्या नावावरच्या सगळ्या मीटरची बारा महिन्यांची बिले काढा. पाणीपुरवठा, पथदिवे, कार्यालय, शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर. एका कागदावर मीटरनिहाय वर्षाचे युनिट लिहा आणि ०.७ ने गुणा. उत्तर आले ते साधारण किलो कार्बन डायऑक्साइड. आपल्या ग्रिडमधली बहुतांश वीज कोळशावर होते आणि तो कोळसा आपल्याच चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या भट्ट्यांत जळतो, त्यामुळे या आकड्याचा धूर कुठे जातो ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कचऱ्यासाठी तीस घरे निवडा. मुख्य वस्तीतली, गावठाणाबाहेरच्या नव्या प्लॉटवरची, जनावरे असलेली, नसलेली, अशी मिसळ असू द्या. प्रत्येक घरी दोन पोती द्या आणि रोज सकाळी ताणकाट्यावर चार वजने घ्या: ओला, विकला जाणारा सुका, न विकला जाणारा सुका, आणि माती-राख. आठवडी बाजाराचा दिवस यात आलाच पाहिजे. मोजणी नऊ दिवस करा आणि पहिले दोन दिवस सोडून द्या. पहिल्या दिवशी लोक हौसेने अख्खे अंगण झाडून पोत्यात भरतात आणि गावाच्या कचऱ्याच्या नावाखाली नुसती माती मोजली जाते. या चुकलेल्या वजनावर ठेकेदार गाडीचा आकार सुचवतो, आणि मग दीड टनाची गाडी अर्धी रिकामी फिरते.

पंप: सर्वात मोठी बचत, पण उद्घाटन होत नाही

जल जीवन मिशनच्या निकषाने माणशी दिवसाला ५५ लिटर, म्हणजे २००० लोकांना रोज १ लाख १० हजार लिटर पाणी चढवावे लागते. विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची ४० मीटर धरली, तर हजार लिटर चढवायला कागदावर ०.११ युनिट लागते. पंप आणि मोटर मिळून ४० टक्के कार्यक्षमता धरा, ०.२७ युनिट होते. एवढ्यावर पंप ठीक आहे असे समजायचे. ०.५ च्या पुढे गेला तर रोजचे २५ युनिट फुकट चालले, वर्षाचे नऊ हजारांवर, म्हणजे सहा टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड.

चाचणी कुणीही करू शकतो. टाकी रिकामी करा, गावाकडे जाणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, मीटरचे रीडिंग लिहा आणि पंप सुरू करा. टाकी भरली की पुन्हा रीडिंग. ५० हजार लिटरच्या टाकीला १३-१४ युनिट लागले तर समाधान माना. २५ लागले तर कारण शोधा. शोधायचे ते स्वस्त कारणापासून.

पहिला संशय फूट व्हॉल्व्हवर, म्हणजे विहिरीतल्या नळीच्या तळाशी पाणी परत जाऊ न देणाऱ्या झडपेवर. रोज सकाळी पंपात पाणी ओतावे लागत असेल तर व्हॉल्व्ह गळतो आहे. दुसरे, मुख्य नळीवरचे सांधे आणि टाकीखालचा ओव्हरफ्लो. ऑपरेटर मोटर लावून वावरात जातो आणि टाकी तासभर वाहते, हे अनेक गावांत रोजचे आहे. फ्लोट स्विच आणि विहीर आटल्यावर मोटर थांबवणारा ड्राय-रन संरक्षक, दोन्ही एकदमच बसवा. नुसता मोबाइलवरून चालणारा स्टार्टर बसवला तर मे महिन्यात कोरडी मोटर जळते. तिसरे, नळीचा व्यास. अडीच इंचाऐवजी तीन इंची नळी टाकली तर तेवढ्याच पाण्यासाठी घर्षण निम्म्याहून खाली येते. चौथे, पंप स्वतः: इंपेलर (आतले फिरते चाक) झिजलेला, किंवा अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्षार चढून अरुंद झालेला.

एक गैरसमज फार खोल आहे: एचपी जास्त म्हणजे पाणी जास्त. पंप एचपीवर नाही, उंची आणि प्रवाहावर निवडतात. ७० मीटर हेडचा, म्हणजे तेवढी उंची चढवायला बनवलेला, पंप ४० मीटरवर लावला की तो ओव्हरलोड होतो, करंट वाढतो, वाइंडिंग जळते. रिवाइंडिंगवाल्याकडे वर्षातून दोनदा जाणारी मोटर बहुधा चुकीच्या निवडीची असते. नवा पंप घेताना दुकानदाराकडून हेड-डिस्चार्जचा तक्ता मागा. तो दाखवत नसेल तर दुसरे दुकान पाहा.

पथदिवे: एलईडी लावून दिवसा जाळू नका

पन्नास खांब धरा. जुनी चाळीस वॅटची ट्यूब चोकसकट सुमारे ५० वॅट खाते, तेवढ्या कामाला २० वॅटचा एलईडी पुरतो. रात्रीचे बारा तास धरून वर्षाला ६५७० युनिट वाचतात. आता उलटा हिशेब. तेच एलईडी दिवसाही जळत राहिले तर ४३८० युनिट जास्तीचे जातात, बचतीतले दोन तृतीयांश तिथेच संपते. दिवसा दिवे जळतात कारण खांबांवर पथदिव्यांची स्वतंत्र तार नसते. जोडणी थेट घरगुती फेजवरून घेतलेली असते आणि बंद करायला बटणच नसते. स्वतंत्र तारेसाठी महावितरणकडे लेखी मागणी करा, तार आली की एका ठिकाणी टायमर बसवा. तोवर प्रत्येक दिव्याला फोटोसेल (उजेड पडला की दिवा बंद करणारे बटण) लावा. फोटोसेलचे तोंड दिव्याच्या उजेडाकडे नको, नाहीतर दिवा रात्रभर मिचमिचत राहतो.

खरेदीच्या अटींत तीन गोष्टी लिहा: १० केव्ही सर्ज संरक्षण, आयपी ६५ किंवा वरचे आवरण, पाच वर्षांची बदली हमी. जूनमधल्या विजांत आणि न्यूट्रल तुटून दाब चढल्यावर स्वस्त दिवे रांगेने जातात. गेलेल्या दिव्यांचा ढीग ग्रामपंचायतीच्या माळ्यावर पाहायला मिळतो, आणि तो कचराच झाला.

पऱ्हाटी: पेटवण्याआधी चार वाटा

कोरडवाहू कपाशीची एकरी साधारण दहा क्विंटल वाळलेली पऱ्हाटी निघते. ती जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड पिकाने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो, हे खरे. म्हणून जाळणे निरुपद्रवी ठरत नाही. काजळी, मिथेन, नायट्रस ऑक्साइड वेगळे निघतात आणि जमिनीत जायचा सेंद्रिय कर्ब धुरात जातो. विदर्भातल्या जमिनीला तर तोच हवा आहे.

शेतकरी जाळतो ते आळसाने नाही. उपटायला मजुरी लागते, पुढच्या मशागतीला वावर मोकळे हवे असते, आणि गुलाबी बोंडअळीची भीती असते. ही भीती रास्त आहे: पऱ्हाटीवर राहिलेल्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत राहते. म्हणून पऱ्हाटी धुऱ्यावर किंवा घरामागे जूनपर्यंत रचून ठेवणे हा जाळण्याला पर्याय नाही. फरदड (मुख्य वेचण्यांनंतर पीक उभे ठेवून घेतलेला जास्तीचा कापूस) न घेता जानेवारीपर्यंत कापूस संपवायचा आणि फेब्रुवारीअखेर पऱ्हाटीची विल्हेवाट लावायची, हे वेळापत्रक धरूनच पुढच्या वाटा आहेत.

पहिली वाट श्रेडरची. ट्रॅक्टरवर चालणारा श्रेडर पऱ्हाटी बोंडांसकट उभीच बारीक करतो. तुकडे दोन-अडीच इंचांहून मोठे राहिले तर कुजत नाहीत आणि पेरणीला फणात अडकतात. ओले होईपर्यंत ते जमिनीवर पडून असतात, आणि कुजताना जमिनीतला नत्र ओढतात. म्हणून पहिल्या पावसानंतर शेणकाला किंवा एकरी थोडा जास्तीचा नत्र द्या, नाहीतर सोयाबीन पिवळे पडते आणि दोष श्रेडरला जातो. ग्रामपंचायतीने स्वतः यंत्र घेऊ नये. शेतकरी गटाकडे किंवा अवजार बँकेकडे असू द्या, पंचायतीने पाळी आणि दर ठरवून द्यावेत.

दुसरी वाट विक्रीची: ब्रिकेट, पेलेट (जळणाच्या दाबलेल्या कांड्या, गोळ्या) करणारे पऱ्हाटी घेतात. सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूरमधल्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात यावर काम झाले आहे, तिथे विचारा. मात्र पऱ्हाटी हलकी आणि फुगीर. कुटी न करता ट्रॉली भरली तर भाडेच भाव खाते.

तिसरी, नाडेपमध्ये, म्हणजे खताच्या विटांच्या टाक्यात, घालणे. ते पुढे येते.

चौथी वाट कोळशाची, आणि ती लहान शेतकऱ्याला सर्वात सोयीची, कारण यंत्र लागत नाही. वावराच्या कोपऱ्यात, झाडे, गंजी आणि घरांपासून दूर, शंकूच्या आकाराचा खड्डा खणा: वर पाच फूट रुंद, खाली दोन फूट, खोली अडीच फूट. बाजू ठोकून गुळगुळीत करा. वारा पडलेली सकाळ निवडा. शेजारी २०० लिटरचे दोन भरलेले ड्रम असल्याशिवाय काडी ओढू नका.

तळाशी बारीक काड्या रचून आग वरून लावा. ज्वाळ बसली की पऱ्हाटीचा पातळ थर टाका. थरावर पांढुरकी राख दिसायला लागली की पुढचा थर. आधी नाही, नंतरही नाही. वरची ज्वाळ खालच्या थराला हवा पोहोचू देत नाही, म्हणून तो जळून राख न होता कोळसा होतो. धूर यायला लागला तर थर जाड झाला किंवा पऱ्हाटी ओली आहे. खड्डा काठापर्यंत भरला की पाणी ओता, कडेपासून मध्याकडे, खालून वाफ निघणे थांबेपर्यंत. पाणी कमी पडले तर सहा इंच ओली माती दाबा. अर्धवट विझलेला खड्डा रात्री पुन्हा धरतो आणि सकाळी राख सापडते. सर्वात जास्त फसते ते इथेच. नीट जमले तर १०० किलो वाळलेल्या पऱ्हाटीतून २० ते २५ किलो कोळसा मिळतो. तो ठेचून शेणखतात किंवा गोमूत्र-शेणाच्या काल्यात पंधरा दिवस मुरवा. कोरडाच वावरात टाकला तर पहिल्या हंगामात पिकाचे अन्न स्वतःच धरून बसतो.

पूर्व विदर्भात प्रश्न धानाच्या तणसाचा आहे. ते जनावरांच्या चाऱ्यात जाते तोवर ठीक. हार्वेस्टर आल्यावर वावरात उरणाऱ्या तणसाला बेलर (गठ्ठे बांधणारे यंत्र) लागतो, तो चार-पाच गावांनी मिळून बोलवावा.

ओला कचरा: नाडेप रोज भरायचा नसतो

नाडेप म्हणजे ना. दे. पांढरीपांडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे. विदर्भाने देशाला दिलेली ही पद्धत विदर्भातच चुकीची वापरली जाते. ग्रामपंचायती टाके बांधतात आणि घंटागाडी रोज त्यात थोडा थोडा कचरा टाकते. टाके सहा महिन्यांतही पिकत नाही, वर बेशरमाची झुडपे उगवतात. नाडेप एक-दोन दिवसांत पूर्ण भरून लिंपायचे असते.

टाक्याचे आतले माप १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. नऊ इंची विटांची भिंत, मधून मधून हवेची छिद्रे. शेणकाल्याने आतून भिंती भिजवा. मग थर: सहा इंच काडीकचरा, सुमारे १०० किलो, त्यावर १२५ ते १५० लिटर पाण्यात ४ किलो शेण कालवून शिंपडा, त्यावर ५० ते ६० किलो चाळलेली माती आणि थोडे पाणी. असे दहा-बारा थर, टाक्याच्या वर दीड फूट झोपडीच्या आकारात. मग तीन इंच मातीने झाकून शेण-मातीने लिंपून टाका. पंधरा-वीस दिवसांत ढीग आठ-नऊ इंच खचतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपा. तीन ते चार महिन्यांत गडद, वास नसलेले खत मिळते. पऱ्हाटी घातली असेल तर बारीक करूनच, आणि महिनाभर जास्त द्या.

एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांत टाके सुकते, आणि सुकले की कुजणे थांबते. वर मांडव घाला, भेगा दिसतील तिथे शेणपाणी सोडा. दिवाळीनंतर भरलेले टाके या त्रासातून सुटते.

मग रोजच्या ओल्या कचऱ्याचे काय? ज्याच्या घरी जनावर आहे त्याचा ओला कचरा घराबाहेर येतच नाही. बाकीच्यांनी परसात ३ बाय ३ बाय ३ फुटांचे दोन खड्डे आळीपाळीने वापरावेत. गाडीत ओला कचरा घेणे टाळले की गाडीचे वजन आणि खर्च घटतो. नाडेप ठेवा पानगळ, बाजाराचा पाला, हार-फुले आणि कुटी केलेल्या पऱ्हाटीसाठी.

बायोगॅसबद्दल थोडक्यात. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. कागदावर पाच जनावरे पुरतात, पण आपली जनावरे दिवसभर चरायला जातात आणि कोठ्यात फक्त रात्रीचे शेण मिळते. म्हणून आठ-दहा धरा. तेवढी नसतील तर संयंत्र बांधू नका. डिसेंबर-जानेवारीत गॅस घटतो, घुमटावर कुटाराचा (भुशाचा) ढीग रचला तर थोडा सावरतो.

सुका कचरा: खर्र्याची पन्नी आणि लग्नाची पत्रावळ

कोणत्याही नालीचा गाळ उपसून पसरा आणि मोजा. बिस्किटाचे पुडे, शाम्पूच्या पुड्या, आणि सगळ्यांत जास्त खर्र्याच्या (सुपारी-तंबाखू-चुन्याच्या मिश्रणाच्या) पन्न्या. तळहाताएवढा पातळ पारदर्शक तुकडा, चुरगळलेला, चुना-तंबाखूने चिकट. धुऊन विकता येत नाही, गाळणीसारखा नालीच्या जाळीवर बसतो आणि पावसाळ्यात नाली तुंबवतो. खर्र्यावर बंदी आहे, तरी पानठेले चालू आहेत. पानठेल्यावर दंड लावला तर विक्री बंद दाराआड जाते. त्यापेक्षा प्रत्येक पानठेल्यासमोर झाकणाचा डबा ठेवणे आणि तो भरून देणे ही ठेलेवाल्याच्या जागेच्या भाडेकरारातली अट करा. जागा पंचायतीची असेल तर ही अट पाळली जाते.

१२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंद आहेत, आणि प्लास्टिक-थर्माकोलची ताटे-पेले राज्यात २०१८ पासून. तरीही लग्न, तेरवी, महाप्रसाद आटोपला की दुसऱ्या दिवशी ढीग पेटतो. उपाय भांड्यांचा. ४०० स्टीलची ताटे, तेवढ्या वाट्या आणि ग्लास, दहा मोठी पातेली, एक कपाट, असा संच महिला बचत गटाच्या ताब्यात द्या. ताटामागे दोन-तीन रुपये भाडे, अनामत वेगळी, धुण्याची मजुरी भाड्यातच धरलेली. धुवायला माणूस न दिल्यास लोक पुन्हा प्लास्टिककडे वळतात. ताटांवर गावाचे नाव कोरून घ्या. ताटे परत येतात, चमचे येत नाहीत, म्हणून चमचे संचात ठेवूच नका. ज्यांना पत्रावळ हवी त्यांच्यासाठी पळस आहेच.

सुक्या कचऱ्याची शेड १० बाय १२ फूट पुरते, पण फरशी जमिनीपासून फूटभर उंच आणि तारेची जाळी हवी. बाटल्या, पुठ्ठा, लोखंड भंगारवाला नेतो. चमकी पुड्यांना गिऱ्हाईक नाही. त्या दाबून पोत्यात भरून तालुक्याच्या प्लास्टिक युनिटकडे पाठवाव्या लागतात. कीटकनाशकांचे डबे या शेडमध्ये घेऊ नका. वावरातच तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या पंपात ओता, डब्याला छिद्र पाडा आणि वेगळे गोळा करा. छिद्र न पाडलेला डबा पाण्यासाठी घरात जातो.

सांडपाणी: काळ्या जमिनीत शोषखड्डा कुठे चालतो

मीटरभर खोल शोषखड्डा काळ्या चिकण मातीत पहिल्या पावसाळ्यात तुंबतो. मुरूम लागेपर्यंत खणा. सहा फुटांतही लागला नाही तर तिथे शोषखड्डा नको, पाणी परसबागेतल्या केळी-अळूकडे वळवा किंवा नालीच्या शेवटी सामूहिक तळे करा. खड्ड्याआधी गाळ अडवणारी छोटी कुंडी हवी. ती दर पंधरा दिवसांनी रिकामी केली नाही तर साबण-राखेचा थर खड्डा बंद करतो.

सौर: पंप आणि दिवे दुरुस्त झाल्यावर

विदर्भात एक किलोवॉट सौर संच वर्षाला साधारण १४०० युनिट देतो. गळका पंप सौरवर चालवणे म्हणजे फुटक्या माठाला नवा नळ लावणे, म्हणून क्रम उलटा करू नका. घरांसाठी पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३० हजार आणि तीन किलोवॉट किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान आहे. उन्हाळ्यात पॅनल तापून उत्पादन घटते, छप्पर आणि पॅनलमध्ये किमान फूटभर हवा खेळू द्या. जिनिंगजवळच्या गावात कापसाची धूळ दर आठवड्याला धुवावी लागते. वानरे पॅनलवर उड्या मारतात. त्यांना छपरावर आणणारी झाडाची फांदी आधी छाटा.

पैसा, आणि रोज सकाळी येणारा माणूस

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० आणि सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये असा निकष आहे. ७० टक्के मिशनचे, ३० टक्के वित्त आयोगाच्या निधीतून. आपल्या गावाला १ लाख २० हजार आणि ५ लाख ६० हजार. पहिल्या रकमेत शेड, नाडेपची टाकी आणि तीनचाकी ढकलगाड्या बसतात, बॅटरीची गाडी बसत नाही.

या पैशांतून बांधकाम होते, पगार होत नाही. वित्त आयोगाचा निधी पगारासाठी वापरता येत नाही. प्रकल्प बंद पडतात ते इथेच. अर्ध्या दिवसाच्या दोन माणसांना प्रत्येकी ६००० रुपये धरले तर महिन्याला १२ हजार. साडेचारशे घरांकडून ३० रुपयांनी १३,५०० येतात, कागदावर भागते. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी साठ-सत्तर टक्के वसुली धरा, म्हणजे आठ-नऊ हजार. उरलेले तीन-चार हजार पंपाच्या आणि दिव्यांच्या वाचलेल्या बिलातून ग्रामसभेत ठराव घेऊन स्वनिधीतून द्या. म्हणूनच पंप आधी, गाडी नंतर. कचऱ्याची फी घरपट्टीच्या पावतीवरच वेगळ्या रकान्यात घ्या. वेगळे पावतीपुस्तक काढले की वसुली महिन्याभरात थंडावते.

सुरुवातीला २६ जानेवारीची ग्रामसभा सोयीची. कापूस संपत आलेला असतो, पऱ्हाटी उभी असते, आणि पंप दुरुस्तीला उन्हाळ्याआधी दोन महिने मिळतात. गाडी मात्र ऑक्टोबरमध्ये सुरू करू नका. वेचणीच्या दिवसांत किलोवर मिळणारी मजुरी सफाईच्या पगाराहून जास्त पडते, आणि गाडी ओढणारी दोन्ही माणसे वावरात असतात. त्या दोन-अडीच महिन्यांसाठी फेरी रोजऐवजी दिवसाआड आणि सकाळी सहाला ठेवा, म्हणजे आठपर्यंत ती मोकळी होतात. आणि हे त्यांच्याशी पोळ्याच्या सुमारासच बोलून घ्या.